गॅलरीतली वलगण

गप्पीला पिल्लं झाली म्हणून कुणी पेढे वाटू नयेत. नर-मादी एका बरणीत असले की महिन्याभरात पिल्लं होतातच, पाळणाऱ्याने काही करो वा न करो. मादी त्यांना पोटात वाढवते आणि चांगलं पोहता येणारं, टकामका बघणारं पिल्लू थेट पाण्यात सोडते. पहिल्याच दिवशी ते बोटांत चुरडलेलं कोरडं खाद्य खायला लागतं. मॉलीचं तेच, प्लॅटीचंही तेच. या माशांच्या जिवावर स्वतःला ब्रीडर म्हणवून घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, अंडी घालणारा मासा वाढवलात का कधी?

कारण ते काम निराळं आहे. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, रास्बोरा, टेट्रा ही सगळी बोटाच्या दोन पेरांएवढी मंडळी. मादी पाण्यात अंडी टाकते, नर तिच्या अंगाला अंग घासत ती तिथल्या तिथे फळवतो आणि पुढच्या मिनिटाला दोघंही वळून तीच अंडी टिपायला लागतात. यात दुष्टपणा नाही. ओढ्यात पडलेलं अंडं गोट्यांच्या फटीत जातं, आईबाप पुढे निघून जातात, पुन्हा गाठ पडत नाही. काचेच्या टाकीत मात्र अंडं तोंडासमोरच पडून राहतं आणि पोटभर खाऊ घातलेला मासासुद्धा समोर आलेला घास सोडत नाही. त्यामुळे अंड्यांना आईबापांपासून वाचवावं लागतं. त्यानंतर त्यातून बाहेर येणाऱ्या, पापणीच्या केसाएवढ्या जिवाला काहीतरी खायला द्यावं लागतं, आणि खरी दमछाक होते ती इथे.

मी डोंबिवलीला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. तिसऱ्या मजल्यावरच्या घराची पूर्वेकडची गॅलरी ही माझी मत्स्यशाळा. दोन काचेच्या टाक्या, चार प्लास्टिकचे टब, बरण्या मोजायच्या नाहीत. घरात या सगळ्याला ‘तुझी डबकी’ असं नाव आहे.

नव्याने शिकणाऱ्याने झेब्रा डॅनिओच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. स्वस्त मिळतो, कुठल्याही दुकानात मिळतो, अंगावर निळ्या आडव्या पट्ट्या असल्याने ओळखायला चुकत नाही, आणि स्वभावाने इतका समजूतदार की महापालिकेच्या पाण्याला नाक मुरडत नाही. शिवाय तो आपला आहे, म्हणजे या देशाचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओढे, तळी, भाताच्या कडेचं साचलेलं पाणी हे त्याचं मूळ घर. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर १८२२ साली जे पुस्तक लिहिलं त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे. गंमत अशी की आपण ज्याला जोडीच्या भावात पिशवीत बांधून आणतो त्याच्यावर जगभरच्या प्रयोगशाळा चालतात. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम सुरू केलं आणि १९८१ साली त्यांचा या माशाच्या क्लोनवरचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. २०१३ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून हैदराबादच्या सीसीएमबीपर्यंत आपल्याकडेही तो कामाला आहे. एवढा मान असूनही स्टेशनजवळच्या दुकानात तो सगळ्यात खालच्या टाकीत असतो.

नर-मादी ओळखणं सवयीचं काम. नर सडपातळ आणि पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक असलेला, मादी रुपेरी आणि पोटाला भरलेली. दोघांना आठवडाभर वेगळं ठेवायचं आणि जिवंत खाद्य द्यायचं. डासांच्या अळ्यांसारखं उत्तम खाद्य नाही, आणि डोंबिवलीत त्यांची टंचाईही नाही. मादीचं पोट खालून टम्म दिसायला लागलं की एका संध्याकाळी टब भरायचा.

इथे भाजी धुवायची जाळीची टोपली कामाला येते. टबात टोपली अर्धी बुडेल अशी अडकवायची आणि मासे टोपलीत सोडायचे, एका मादीला दोन नर. अंडी जाळीतून खाली पडतात, मासे वरच राहतात. काही जण तळाला काचेच्या गोट्या पसरतात, अंडी गोट्यांच्या मधे घरंगळतात. तेही चालतं, पण नंतर गोट्या धुणं हे जिवावर येणारं काम आहे. प्रयोगशाळांतही हेच करतात, फक्त तिथे टोपलीऐवजी जाळीच्या तळाची तयार पेटी असते आणि नर-मादींच्या मधे रात्रभर एक पारदर्शक पडदा असतो, जो सकाळी उचलतात. दिव्यांना घड्याळ लावून तिथे चौदा तासांचा दिवस आणि दहा तासांची रात्र करतात. माझ्याकडे टबावर टाकायला जुनी चादर आहे.

डॅनिओ अंडी घालतो तो पहाटेच्या पहिल्या उजेडात. हा नियम तो फारसा मोडत नाही. चादर काढली, गॅलरीत तांबडं फुटलं की नर मादीच्या मागे सुटतात, टोपलीभर नुसती पळापळ. अर्ध्यापाऊण तासात आटोपतं. मग मासे उचलून परत टाकीत, आणि टबाच्या तळाशी विजेरी मारली की साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे काचेरी ठिपके दिसतात. चांगल्या मादीची एका वेळची अंडी शंभरावरही जातात. ती एकमेकांना किंवा तळाला चिकटत नाहीत, त्यामुळे ड्रॉपरने उचलायला सोपी.

आता हे सगळं सातच्या गाडीआधी उरकायचं असतं. पण त्या गाडीत बसून मी जो हिशेब करते तो कुणाला सांगितला तर वेड्यात काढतील. पाणी साडेअठ्ठावीस अंशांचं असेल तर फळलेल्या अंड्यातली एक पेशी पाऊण तासात दोन होते, आणि मग जवळजवळ दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. म्हणजे सहाला पडलेलं अंडं मी डोंबिवलीला गाडीत शिरते तेव्हा चार पेशींचं, ठाणं येईपर्यंत आठाचं, आणि सीएसएमटीला उतरते तेव्हा चौसष्ट पेशींचं झालेलं असतं. गॅलरीतलं पाणी थंड असलं की ही गाडी उशिरा धावते. संध्याकाळी घरी येऊन भिंग लावावं तर बलकाच्या गोळ्याभोवती वेटोळं घातलेलं शरीर, डोळ्यांच्या जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत शेपूट झटकत असतं आणि हृदय चालू झालेलं असतं. अंडं पूर्ण पारदर्शक असल्यामुळे यातलं काहीही झाकलेलं राहत नाही. कोंबडीखाली अंडी ठेवून एकवीस दिवस नुसती वाट पाहणाऱ्या माणसाला हे सुख नाही. शेजारच्या मुलाला दहावीच्या पुस्तकातलं पेशीविभाजन पाठ होत नव्हतं, त्याला एका रविवारी बोलावून मोबाइलला भिंग लावून दाखवलं. तो दोन तास हलला नाही.

न फळलेली अंडी मात्र काही तासांत पांढरी होतात आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते. ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. म्हणून पांढरं दिसलं की उचलायचं. मिथिलीन ब्लूचे एक-दोन थेंब पाण्यात टाकले तर बुरशीला आळा बसतो. सगळा टब निळाभोर करण्याची काही जणांना हौस असते, तिचा उपयोग नाही.

तिसऱ्या सकाळपर्यंत पिल्लं बाहेर येतात. पिल्लं म्हणायचं, पण तीन मिलिमीटरची काचेची काडी आणि दोन काळे डोळे, एवढंच. पहिले दोन दिवस ती टबाच्या कडेला डोकं चिकटवून लटकून राहतात. पोटाखाली बलकाची शिदोरी असते, बाहेरचं काही खात नाहीत. मग एका दिवशी वर येऊन हवेचा घोट घेतात, पोटातली हवेची पिशवी फुगते आणि आडवी पोहू लागतात. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर तो घोट मिळत नाही, पिशवी फुगत नाही, आणि ती पिल्लं जन्मभर तळाशी सरपटत राहतात, म्हणजे जन्म असेल तेवढे दिवस. तेव्हा रोज सकाळी टिश्यू पेपर पाण्यावर टेकवून साय उचलायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण त्यावर अर्धी बॅच अवलंबून असते.

पाचव्या दिवसाच्या आसपास शिदोरी संपते, आणि नव्या माणसाचा टब इथेच रिकामा होतो. काल शंभर होती, आज चाळीस, उद्या पाच. रोग नाही, पाणी चांगलं, तरीही मरतात. कारण साधं आहे, ती उपाशी असतात. त्यांचं तोंड एवढं लहान की दुकानातल्या ‘फ्राय फूड’च्या पुडीतली पूडसुद्धा त्यांना दगडासारखी. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्या असं जुनी माणसं सांगतात. त्याने पिल्लांचं किती भरतं कोण जाणे, पाणी मात्र संध्याकाळपर्यंत नासतं.

याचं उत्तर मला सासूबाईंनी दिलं. त्या माणगाव तालुक्यातल्या. माशांशी त्यांचा संबंध कालवणापुरता, माझ्या टाक्यांकडे त्या फिरकतही नसत. जूनमधली गोष्ट. अंडी घालायला उशीर करणाऱ्या रोझी बार्बच्या टबात मी रात्रभर ठेवलेलं गार पाणी झारीने वरून घालत होते.

“अगं, पाऊस पाडतेस होय त्यांच्यावर?”

“हो आई. नवं गार पाणी आलं की त्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं, मग अंडी देतात.”

“म्हणजे वलगणच की ही! तुमची गॅलरीतली.”

रायगडात वलगण म्हणतात, दक्षिण कोकणात चढणीचे मासे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरले की नदीतले मासे उलट्या धारेने वर चढतात, ओढ्यांतून वहाळात, वहाळातून भाताच्या खाचरात. पोटं अंड्यांनी भरलेली. शिवडा, मळ्या, काय काय. सासूबाईंच्या लहानपणी गावातले पुरुष रात्री बत्त्या घेऊन बांधावर जात आणि सकाळी घराघरांत कालवण शिजे. मासे वर का चढतात हे कुणी विचारत नसे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “अंडी घालायला. खाचरात पाणी उथळ, मोठा मासा मागे येत नाही. तिथंच पिल्लं वाढतात न् पाऊस ओसरला की खाली जातात.”

मी विचारलं, “आणि खातात काय तिथे?”

“खाचरात कुणी त्यांना वाटीने भरवत नाही गं. पेंढा कुजतो, पानं कुजतात, शेण असतं. त्या पाण्यातच असतं सगळं.”

पुस्तकात वाचलेलं इन्फ्युजोरिया हेच. पॅरामेशियम आणि त्याचे भाऊबंद, शाळेत ज्यांची चपलेच्या तळव्यासारखी आकृती काढून नावं दिली होती. कुजणाऱ्या काडीवर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर हे एकपेशीय जीव, आणि त्यांच्यावर माशाचं नवं पिल्लू. शेतात ही साखळी पावसाबरोबर आपोआप उभी राहते. मासे नेमके त्याच आठवड्यात वर येतात यात काही योगायोग नाही, लाखो वर्षांचा हिशेब आहे. मी टबात तीच साखळी बरणीबरणीने बांधत होते, तेही उलट्या क्रमाने: आधी पिल्लं, मग त्यांच्या खाण्याची शोधाशोध. त्या दिवसापासून आमच्याकडे क्रम बदलला. अंडी घेण्याच्या आठवडाभर आधी बरण्या लागतात. पिशवीभर पेंढा माणगावहून येतो.

कृती अगदी सोपी आहे. टाकीतलं जुनं पाणी बरणीत घ्यायचं, मूठभर पेंढा किंवा कोबीचं वाळवलेलं पान घालायचं, तोंडाला मलमलचं फडकं बांधून सावलीत ठेवायची. दोन दिवसांनी पाणी दुधट होतं आणि घरात वास सुटतो. हा जिवाणूंचा दिवस. नवखे इथे घाबरून बरणी ओतून देतात. ओतायची नाही. आणखी दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं, वास जातो, आणि अंधारात बरणीला विजेरी लावली की वरच्या थरात पांढरी धूळ स्वतःहून इकडेतिकडे सरकताना दिसते. ती धूळ म्हणजे पिल्लांचं जेवण. वरून ड्रॉपरने घ्यायचं. दर दोन दिवसांनी नवी बरणी लावत गेलं तर खंड पडत नाही.

मलमल विसरायची नाही. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधत घरोघर येतात. माझ्या गॅलरीत हिरवट पाण्याच्या बरण्यांची रांग पाहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी कधी विसरणार नाही. त्याने एकेक फडकं सोडून आत पाहिलं. शेवटी सासूबाईंनीच त्याला पिल्लांचा टब दाखवला आणि जाताना चहा पाजला. आता तो दरवर्षी येतो तेव्हा पिल्लं किती झाली ते विचारून जातो.

एवढ्या लहान पोटाला दिवसातून चार-पाच वेळा लागतं. मी दिवसभर फोर्टात. म्हणजे अकराचा आणि तीनचा घास सासूबाईंचा. सुरुवातीला त्या कुरकुरल्या. आता ड्रॉपर त्यांच्या टीव्हीच्या रिमोटशेजारी असतो आणि माझ्यापेक्षा त्यांनाच आधी कळतं कुठल्या टबात काय बिनसलंय. पोट भरलेलं की खपाटीला गेलेलं, हे त्या चष्मा कपाळावर सारून उभ्या उभ्या सांगतात.

आठव्या-दहाव्या दिवसापासून पिल्लांना आर्टेमिया खाता येतो. हा खाऱ्या सरोवरांतला चिमुकला कवचधारी जीव. त्याची वाळलेली अंडी डब्यात मिळतात, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहून मिठाच्या पाण्यात पडली की एका दिवसात फुटतात. त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात, आणि किंमतही तशीच प्रवास करून आल्यासारखी असते. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची, लिटरला पंचवीस-तीस ग्रॅम खडेमीठ, एअर पंपाची नळी तळापर्यंत, वर दिवा. चोवीस ते छत्तीस तासांत पाणी केशरी होतं. पंप बंद करून दिवा खाली धरला की रिकामी टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं खाली, उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून, गोड्या पाण्याने धुऊन द्यायची. टरफलं आत जाता कामा नयेत, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. पहिल्यांदा आर्टेमिया खाल्लेल्या डॅनिओच्या पिल्लांची पोटं बाहेरून केशरी दिसतात. तो रंग दिसला की मी निर्धास्त होते. इथून पुढे मासा सहसा मरत नाही, वाढतो. तीन महिन्यांत तो स्वतः अंडी घालायच्या वयाचा होतो.

याच काळातल्या एका भागाबद्दल कुणी बोलत नाही. शंभरातली काही पिल्लं वाकड्या कण्याची निघतात, काहींची पिशवी फुगत नाही, काही महिन्याभरानेही पहिल्या आठवड्याएवढीच राहतात. ती वेगळी काढून मोठ्या माशांना घालावी लागतात. मी घालते. ‘जीव आहे, असू दे’ म्हणून ठेवली तर ती धड जगत नाहीत आणि खाण्याला तोंडं वाढून धडधाकट पिल्लंही अर्धपोटी राहतात. डॅनिओत तर उपासमारीचा आणखी एक परिणाम दिसतो. या माशात नर की मादी हे फक्त जन्माने ठरत नाही; दाटीवाटीत, अर्धपोटी वाढलेल्या बॅचमध्ये नरच जास्त निघतात. टबभर नर आणि पुढच्या वेळी मादीसाठी पुन्हा दुकानात. ज्याला ही निवड करणं जड जातं त्याने कमी अंडी ठेवावीत. वीस अंड्यांची बॅच हे काही कमीपणाचं नाही.

डॅनिओ जमला की बाकीचे मासे वाचता येऊ लागतात. रोझी बार्बची अंडी थोडी चिकट, म्हणून त्याला टोपलीपेक्षा जावा मॉसचा झुबका बरा. तो नर अंडी घालायच्या दिवशी असा लालबुंद होतो की पाहुणे नवा मासा आणलात का म्हणून विचारतात. फायटरचं सगळंच वेगळं, तिथे बाप राखणदार. देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यावर ठेवलं की त्याखाली नर फेसाचं घरटं बांधतो, पडलेली अंडी तोंडाने उचलून फेसात ठेवतो आणि मादीला जवळ फिरकू देत नाही. तेव्हा मादी लगेच बाहेर काढायची, नाहीतर तिचे पंख शिल्लक राहत नाहीत. फायटरच्या पिल्लांना हवेतून श्वास घ्यायचा अवयव तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतो, तोवर टबावर झाकण हवं, पाण्यावरची हवा उबदार राहिली पाहिजे. निऑन टेट्रा मात्र मी सोडून दिला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला तो मासा अतिशय मऊ, आंबूस पाणी मागतो आणि त्याच्या अंड्यांना उजेड सोसत नाही. त्याच्यासाठी पाणी बनवायचं, तपासायचं, टब काळ्या कागदात गुंडाळायचा. एवढी हौस मला नाही. आमच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, त्यात जे सुखाने राहतील ते माझे. एक दिवस हवा देऊन क्लोरिन उडवलं की ते पाणी चांगलंच असतं. फक्त पावसाच्या सुरुवातीला क्लोरिनचा वास वाढलेला जाणवला तर दोन दिवस ठेवते.

पैशाबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. चेन्नईच्या कोळत्तूर भागात घराघरांत शोभेचे मासे वाढवतात. तिथून थर्माकोलच्या खोक्यांत, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येणारा डॅनिओ ज्या भावात पडतो त्या भावात माझा आर्टेमियाचा खर्चसुद्धा भागत नाही. आमचा दुकानदार स्पष्टवक्ता आहे. “मॅडम, माल तुमचा चांगला, पण भाव मी चेन्नईचाच देणार.” मग मी पैसे घेत नाही, बदल्यात खाद्य आणि स्पंज फिल्टर घेते. एक गोष्ट मात्र त्यालाही मान्य आहे. प्रवासाने शिणलेल्या खोक्यातले मासे पहिल्या दोन दिवसांत मरतात तसे माझे मरत नाहीत, कारण ते याच नळाच्या पाण्यात जन्मलेले. ज्याच्याकडे कर्जतला किंवा माणगावला परसात जागा आहे, विहीर आहे, त्याने सिमेंटच्या हौदांत हे जरूर करावं. केंद्र सरकारच्या २०२०च्या मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला मदत ठेवली होती, आणि महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान होतं. फ्लॅटच्या गॅलरीत हा धंदा होत नाही. कुणी होतो म्हणून क्लास विकत असेल तर त्याचा धंदा क्लासचा आहे.

शेवटी एक मागणं आहे आणि ते गंभीर आहे. अंडी घालणारा मासा एकदा वाढवता यायला लागला की पिल्लं उरतात. दुकानदार एका मर्यादेपलीकडे घेत नाही, मित्रमंडळी टाळायला लागतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, सोडून द्या ना गावच्या विहिरीत, तळ्यात, पुण्य लागेल. कृपा करून सोडू नका. डास मारायला म्हणून १९२८ साली बाहेरून आणलेला गंबुशिया आज देशभरच्या पाण्यांत आहे, आणि तो डासांच्या अळ्यांबरोबर इथल्या लहान माशांची अंडी-पिल्लंही खातो. टाक्यांमध्ये मोठा झालेला सकर मासा लोकांनी कंटाळून सोडला, तो आता नद्यांमध्ये जाळ्यांत येतो. डॅनिओ भारतीय असला तरी टाकीतल्या माशाबरोबर टाकीतले रोगही जातात. ज्या खाचरात वलगणीचे मासे वर चढून येतात तिथे आधीच राहणारे आहेत, त्यांना आपल्या गॅलरीतल्या पाहुण्यांची गरज नाही. उरलेले मासे शाळेला द्या, दुकानाला फुकट द्या, अगदीच नाही तर मोठ्या माशांना घाला. आणि मागची बॅच कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर त्या रात्री टबात टोपली लावू नका. डॅनिओ आपली अंडी आपणच खाऊन टाकतील.